लष्करांतले सण व शिपायांचे रंग

१. प्रस्ताव

मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर आजवर विपुल लेखन झालें आहे. पागा, शिलेदारी, सरंजाम, तोफखाना, गनिमी कावा, कवायती पलटणी, यांपैकीं प्रत्येक विषयाला स्वतंत्र अभ्यासक लाभले. परंतु ज्या माणसांच्या बळावर हीं युद्धें झालीं, तीं माणसें लढाईचा दिवस सोडून उरलेले दिवस कशीं घालवीत, याचा विचार त्या मानानें फार थोडा झाला आहे. वस्तुतः लढाईचे दिवस थोडे आणि लष्कराचे दिवस फार. पानिपतास दोन्ही फौजा सुमारें अडीच महिने समोरासमोर होत्या. निकाल लागला तो एका दिवसांत. त्या एका दिवसावर ग्रंथ झाले. अडीच महिन्यांच्या वांट्यास कांहीं परिच्छेद आले.

हा विषय आम्हांस सुचला तो एका विद्यार्थ्यामुळें. आम्हीं शाळेंत तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत व इतिहास हे विषय शिकविले. पानिपतचा धडा आला म्हणजे आम्ही फळ्यावर पराभवाचीं कारणें क्रमानें लिहीत असूं. आणि त्यांत ‘लष्करांतील बायका, बाजारबुणगे, सणवार व थाटमाट’ हें कारण ठळक अक्षरांनीं येत असे. शिवछत्रपतींच्या कडक शिस्तीशीं त्याचा विरोध दाखवून आम्ही पेशवाईवर टीकाही करूं. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, मग त्या शिपायांनीं दिवाळी करायची तरी केव्हां?” वर्गांत हंशा पिकला. आम्हीही हंसलों आणि धडा पुढें नेला. परंतु प्रश्न मनांतून गेला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हां उपलब्ध साधनें त्या दृष्टीनें पुन्हां चाळलीं आणि त्या मुलाचा प्रश्न आमच्या फळ्यावरील उत्तरापेक्षां अधिक शहाणपणाचा होता असें आढळून आलें. त्याचें उत्तर देण्याचा हा उशिराचा यत्न आहे.

२. मुलूखगिरीचें पंचांग

प्रथम कालगणना पाहूं. कृष्णाजी अनंत सभासदानें राजारामाच्या आज्ञेवरून जिंजीस जी बखर लिहिली, तींत शिवछत्रपतींच्या लष्कराचा वार्षिक क्रम दिला आहे. पावसाळ्यांत लष्करानें स्वदेशीं छावणीस यावें. दसरा होतांच राजाज्ञा घेऊन मुलूखगिरीस निघावें. आठ महिने परमुलखांत काढून वैशाखांत परतावें. त्याच बखरींत लष्करांत बायको, बटीक वा कलावंतीण असूं नये, असेल त्यास देहदंड करावा, हाही कानू आहे. आम्ही वर्गांत हाच दुसरा कानू सांगत असूं. पहिल्याकडे, म्हणजे पंचांगाकडे, आमचें लक्ष कधीं गेलें नाहीं.

आतां हें पंचांग घराच्या पंचांगाशीं ताडून पाहावें. शिपाई घरीं असे तो आषाढापासून आश्विनाच्या दशमीपर्यंत. त्या काळांत नागपंचमी, श्रावणी, गोकुळअष्टमी, पोळा, गणेशचतुर्थी, गौरी व नवरात्र हे सण त्यास कुटुंबांत मिळत. परंतु दसऱ्याला सीमोल्लंघन झालें कीं दिवाळी, चंपाषष्ठी, संक्रांत, महाशिवरात्र, शिमगा, रंगपंचमी, गुढीपाडवा व रामनवमी, हे सगळे दिवस वाटेवर वा डेऱ्यांत उगवत. दिव्यांचा सण, तिळगुळाचा सण, रंगाचा सण आणि गुढीचा सण हे चारही लष्कराच्या वांट्याचे. म्हणजे ज्या सणांस आपण विशेष करून उजेडाचे व रंगाचे सण म्हणतों, ते मराठी शिपायानें एक तर लष्करांत करावे, नाहीं तर जन्मांत करूं नयेत, अशी ही व्यवस्था होती.

सतराव्या शतकांत याची झळ मर्यादित होती. मुलूख जवळचा, स्वारी आठ महिन्यांत आटोपे, वैशाखांत माणूस घरीं येई. पुढच्या शतकांत हें अंतर वाढलें. १७३७ त बाजीराव दिल्लीपाशीं जाऊन आला; १७५८ त राघोबादादाच्या फौजा लाहोरास पोंचल्या. उत्तरेंतील शिंदे-होळकरांच्या तुकड्यांना दर पावसाळ्यास देशीं परतणें अशक्य झालें. कित्येकांचे नागपंचमी-गौरींचे दिवसही नर्मदेपलीकडेच जाऊं लागले. शिवछत्रपतींचा कानू ज्या परिस्थितीसाठीं होता, ती परिस्थितीच राहिली नव्हती. कानू मोडला याचा दोष कोणाला द्यावयाचा असेल तो द्यावा. परंतु माणसाला वर्षानुवर्षें घरापासून दूर ठेवून त्याचें मन मात्र घरच्यासारखें प्रसन्न राहावें, ही अपेक्षा कोणत्याही सेनापतीस करतां आली नसती.

३. दसरा ते संक्रांत, शके १६८२

हें पंचांग हातीं धरून पानिपतच्या मोहिमेकडे पाहिलें म्हणजे तींतील तारखा निराळ्या दिसूं लागतात.

१७ ऑक्टोबर १७६० रोजीं भाऊसाहेबांच्या फौजेनें कुंजपुरा घेतला. तेथें धान्याचा मोठा सांठा हातीं लागला. दत्ताजी शिंद्यांचें शिर कापणारा कुतुबशहा सांपडला व मारला गेला. दोन दिवसांनीं, १९ तारखेस, विजयादशमी होती. ती कुंजपुऱ्यास साजरी झाली. जय ताजा होता, दाणा पुष्कळ होता. सोनें लुटण्याच्या दिवशीं खरोखरच लूट हातांत होती. मराठी लष्कराला त्या मोहिमेंत मिळालेला हा अखेरचा पोटभर सण. त्याच आठवड्याच्या शेवटीं अबदाली बागपतापाशीं यमुना उतरला, आणि १ नोव्हेंबरच्या सुमारास दोन्ही लष्करें पानिपतापाशीं समोरासमोर आलीं.

दिवाळीची अमावास्या त्यानंतर अवघ्या आठवड्याभरानें, ८ नोव्हेंबरच्या सुमारास, येते. म्हणजे दिवाळीचे दिवस नव्या खणलेल्या खंदकाच्या आंत गेले. ७ डिसेंबरास बळवंतराव मेहेंदळे पडले व त्यांच्या पत्नीनें लष्करांतच सहगमन केलें. त्याच महिन्यांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले व रसदेची आशा संपली.

संक्रांतीसंबंधीं एक रूढ समज येथें दुरुस्त केला पाहिजे. पानिपतचें युद्ध संक्रांतीच्या दिवशीं झालें असें पुष्कळजण सांगतात, कारण तारीख १४ जानेवारी. परंतु आपली संक्रांत निरयन गणनेची. निरयन सौर वर्ष इंग्रजी वर्षापेक्षां किंचित् मोठें असल्यामुळें संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढें सरकत आली आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास ती १० जानेवारीच्या आसपास येत असे. त्या गणितानें शके १६८२ ची संक्रांत युद्धाच्या तीनचार दिवस आधीं होऊन गेली होती. पानिपतचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, संक्रांत नव्हे. संक्रांतीचा घाला पडला होता तो त्याच्या आदल्या वर्षीं. १० जानेवारी १७६० रोजीं बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडले, तो संक्रांतीचा दिवस. लोकस्मृतीनें दोन वर्षांचें दुःख एका दिवसांत गोठविलें, इतकाच याचा अर्थ.

तारखेच्या या दुरुस्तीनें चित्र सौम्य होत नाहीं, उलट अधिक जवळ येतें. तिळगूळ देऊन गोड बोलण्याचा दिवस त्या लष्करांत उगवला तेव्हां दाणा संपला होता, जनावरें मरत होतीं. आणि त्यानंतर तीनचार दिवसांतच सरदारांनीं भाऊसाहेबांस, उपाशी मरण्यापेक्षां लढून मरूं, असें सांगितलें.

या मोहिमेंत अठरा वर्षांचा एक तरुण आई व पत्नीसह होता. तो पुढें नाना फडणीस म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या आत्मचरित्रांत या स्वारीचा भाग आहे. वाचकांना त्यांतील पळ काढल्याचा वृत्तांत आठवतो, कारण तो हृदय पिळवटणारा आहे. आई त्या धामधुमींत अंतरली ती कायमचीच. परंतु त्याच लेखांत यमुना, मथुरा व वृंदावन प्रथम पाहिल्याचा आनंदही आहे. जो हात पुढें राज्याचे हिशेब लिहिणार होता, त्या हातानें कृष्णलीलेच्या स्थळांचें सुख आणि पानिपतची रात्र एकाच लेखांत नोंदविली. दुसरें घडलें म्हणून पहिलें त्यानें पुसून टाकलें नाहीं. ही गोष्ट आमच्या मतें इतिहासकारांनीं शिकण्यासारखी आहे.

४. हळद

पानिपतच्या सकाळची एक बारीकशी नोंद आम्हीं अनेक वर्षें वाचली होती, पण तिचा अर्थ मनांत उतरला नव्हता. शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज पंडित हा या युद्धाचा प्रत्यक्ष साक्षीदार. त्यानें फारशींत लिहिलेला वृत्तांत जेम्स ब्राउन यानें इंग्रजींत आणला. काशीराज सांगतो कीं, मराठे पहाटे बाहेर पडले तेव्हां त्यांच्या पागोट्यांचे शेव मोकळे सोडलेले होते आणि हातांना व तोंडांना हळद माखलेली होती. आपण मरण्याच्या निश्चयानें निघालों आहों, याची ती खूण होती. त्याआधीं सरदारांनीं विडे उचलले होते व उरलासुरला दाणा शिजवून लोकांनीं खाल्ला होता.

काशीराज दूरच्या छावणींतून पाहत होता, आणि त्यास तो मरणाचा वेष दिसला. अर्थ त्यानें बरोबर लावला, परंतु तो पुरता लागला असें आम्हांस वाटत नाहीं. महाराष्ट्रांतल्या माणसाला हळद ही मरणाची खूण नव्हे. ती प्रथम लागते ती लग्नाच्या मांडवांत. ती जेजुरीस खंडोबाचा भंडारा होऊन उधळली जाते. सुवासिनीच्या कपाळीं कुंकवाच्या जोडीनें येते. त्या हजारों माणसांपैकीं बहुतेकांच्या अंगाला हळद पूर्वीं लागली होती ती आईच्या, बहिणीच्या किंवा करवल्यांच्या हातानें. त्या पहाटे ती लावणारे हात त्यांचेच होते.

अडीच महिन्यांच्या उपासमारीनंतर त्या लष्करांत धान्य राहिलें नाहीं. हळद मात्र राहिली. आणि ज्यांना आपण जगणार नाहीं हें ठाऊक होतें, त्यांनीं शेवटचा रंग निवडला तो सुतकाचा नव्हे, मंगलाचा. याला थाटमाट म्हणतां येईल काय? आम्हीं तीस वर्षें फळ्यावर जो शब्द लिहिला, तो या ठिकाणीं लागू पडत नाहीं.

५. १८०९ सालची छावणी

पानिपतच्या काळांत लष्करांतील नित्याचें जीवन पाहावयाचें तर तुकडे जुळवावे लागतात. सुदैवानें पुढच्या काळांतील एका छावणीचें सलग वर्णन उपलब्ध आहे, आणि तेंही परकीयाच्या हातचें. दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर इंग्रजांचा रेसिडेंट असे. त्याच्या संरक्षक तुकडीचा अधिकारी थॉमस ड्युअर ब्रॉटन यानें १८०९ सालीं छावणींतून लिहिलेलीं पत्रें १८१३ त लंडनमध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. पुस्तकांत दहा रंगीत चित्रें आहेत व तीं एका एतद्देशीय चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेलीं आहेत.

हा काळ वैभवाचा नव्हे. १८०३ त असई व लासवारी येथें शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या. सुर्जी-अंजनगांवच्या तहानें दिल्ली-आग्र्याचा प्रदेश गेला. १८०९ त हें लष्कर राजपुतान्यांत खंडणीसाठीं फिरत होतें. जयपूरकडील दुणीच्या किल्ल्याला त्यांनीं वेढा घातला, पण किल्ला हातीं लागला नाहीं. फौजेचे पगार थकलेले. शिपाई आपल्याच धन्याच्या दारीं धरणें धरून बसत, त्याचें वर्णन ब्रॉटननें केलें आहे. त्याला मराठ्यांविषयीं प्रेम नव्हतें. घाण, लबाडी, लूटमार, कांहींच त्यानें झांकलें नाहीं. म्हणूनच तो जेथें नकळत कांहीं सुंदर सांगून जातो, तेथें त्याची साक्ष अधिक मोलाची.

छावणी कशी पडे हें तो सांगतो. कूच ठरलें कीं बिनीवाला पुढें जाई, आणि मुक्कामाच्या जागीं एक लहान पांढरें निशाण रोवी. तेथें महाराजांचे डेरे पडावयाचे. मग निरनिराळ्या बाजारांचे झेंडे येत, व ते दर मुक्कामीं परस्परांपासून ठरल्या अंतरावर, ठरल्या क्रमानेंच लागत. त्यांच्या अनुरोधानें दोन समांतर ओळींत दुकानें उभीं राहत, व लष्कराच्या पुढच्या टोंकापासून मागच्या टोंकापर्यंत एक सरळ पेठ तयार होई. तिची लांबी कित्येकदां तीनचार मैल भरे.

या व्यवस्थेचा लष्करी उपयोग उघड आहे. परंतु शिपायाच्या दृष्टीनें तिचा आणखी एक उपयोग होता. जमीन रोज निराळी. आज वाळू, उद्यां खडक, परवां कोणाचें तुडविलेलें शेत. तरी झेंडा ओळखीचा, पेठ तीच, तांबोळ्याशेजारीं कालचाच वाणी. मुलूख बदले, शेजार बदलत नसे. दिवसभर चालून आलेल्या माणसाला अंधारांतही आपल्या बिऱ्हाडाची वाट सांपडे ती या झेंड्यांमुळें. ज्याला आम्ही ‘बाजारबुणगे’ म्हणून हिणवीत आलों, तें त्याच्यापुरतें गांव होतें.

आतां सणांकडे वळूं. १८०९ सालीं एक योग असा जुळला कीं, हिजरी १२२४ चा मोहरम आणि शके १७३० चा फाल्गुन हे एकाच चंद्राबरोबर लागले. त्यामुळें मोहरमचे दहा दिवस आणि होळीची पौर्णिमा हीं एकाच पंधरवड्यांत आलीं. ब्रॉटननें दोन्हींचें वर्णन केलें आहे. मोहरमांत मराठे हिंदू असूनही फकिरी घेत. खुद्द दौलतराव हिरवा वेष करून ताबूतांच्या दर्शनास जाई. आणि तो हिरवा उतरतो न उतरतो तोंच होळीचा लाल व पिवळा आला. ज्या डेऱ्यांत पगाराचा तगादा चालू होता, तेथेंच पंधरा दिवसांत हे तीन रंग होऊन गेले.

होळीच्या रंगास रेसिडेंट व त्याचे अधिकारी यांना दरबारीं बोलावणें होतें. आधीं गुलाबपाणी व पिचकाऱ्या असा सभ्य आरंभ झाला. मग महाराजांनीं आग विझविण्याच्या मोठ्या बंबाची नळी हातीं घेतली. बंबांत पिवळा रंग भरलेला, पांचसहा माणसें तो चालवीत, आणि समोरचा जो कोणी असेल तो भिजून चिंब. साहेबांचीही त्यांतून सुटका झाली नाहीं. तोफांच्या लढाईंत ज्यांनीं शिंद्यांचा पराभव केला होता, त्यांच्यावर शिंद्यांनीं सहा वर्षांनीं पाण्याचा हा मारा केला, असें कोणी विनोदानें म्हणेल; आम्ही तें म्हणणार नाहीं, पण वाचकांस हंसूं आल्यास हरकत घेणार नाहीं.

ब्रॉटन चौकस होता. अबीर कशाचा करतात हेंही त्यानें विचारून घेतलें. शिंगाड्याचें पीठ रक्तचंदनानें रंगवीत आणि चमक यावी म्हणून त्यांत कधीं अभ्रकाची पूड मिसळीत. तळ्यांतलें फळ, झाडाचें लांकूड आणि दगडाचा चुरा! तोफेचा एक बार उडविण्यास याहून अधिक खर्च येत असेल.

६. किंशुक

होळीच्या पिवळ्या पाण्याविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे, कारण या लेखाचा मुद्दा त्यांत आहे. हा रंग पळसाच्या फुलांचा. माघाच्या अखेरीस पळसाचीं पानें गळतात व फाल्गुनांत सगळें झाड फुलांनीं भरून जातें. तीं फुलें पाण्यांत भिजविलीं वा उकळलीं म्हणजे केशरी-पिवळा रंग उतरतो. चुन्याची निवळी घातली तर तो अधिक गडद होतो. पळस खानदेशांत आहे, वऱ्हाडांत आहे, माळव्यांत आहे, बुंदेलखंडांत आहे. दक्षिणेंतून दिल्लीकडे जाणाऱ्या लष्कराच्या जवळजवळ प्रत्येक वाटेवर तो उभा होता. त्याला वाणी लागत नव्हता, हुंडी लागत नव्हती, थकलेला पगार त्याला आड येत नव्हता.

संस्कृतांत पळसाला किंशुक म्हणतात. फुलाचा बांक पाहून ‘हा पोपट तर नव्हे?’ अशी शंका यावी, म्हणून तें नांव, असें टीकाकार सांगतात. महाभारतांतील व रामायणांतील युद्धवर्णनांत हें फूल वारंवार भेटतें. शरीरभर जखमा झालेला वीर फुललेल्या किंशुकासारखा दिसला, ही उपमा तेथें ठरलेली आहे. कालिदास ऋतुसंहारांत हेंच फूल घेतो, पण रणांगण सोडून देतो. त्याला पळसांनीं भरलेली भूमि तांबडें वस्त्र नेसलेल्या नववधूसारखी दिसते. आम्हीं दोन्ही उपमा मुलांस अनेकदां समजावून दिल्या. परंतु या दोहोंमध्यें एक तिसरा माणूस उभा आहे हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. ज्याच्या अंगाला पहिली उपमा कोणत्याही दिवशीं लागू पडण्याचा संभव होता आणि जो दुसऱ्या उपमेंतल्या वधूपासून शेंकडों कोस दूर होता, तो शिपाई तीं फुलें तोडून पातेल्यांत घालीत होता. कवींना जें फूल उपमेसाठीं लागलें, तें त्याला वापरण्यासाठीं लागलें.

येथें थाट आणि रंग यांतील भेद स्पष्ट होतो. १७५८ सालीं राघोबादादा लाहोरास पोंचला, तेव्हां आदिनाबेगानें शालिमार बागेंत त्याच्या स्वागतास मंडप उभारला. त्याला लाख रुपये लागल्याचें सांगतात. कारंज्यांतून गुलाबपाणी उडत होतें. तो थाट. तो पैशानें येतो, थोड्यांसाठीं असतो, आणि पैसा सरला कीं सरतो. पुढच्याच वर्षीं मराठ्यांचें लाहोर गेलें व तो मंडपही गेला. पळसाचें पाणी, शिंगाड्याचा अबीर, पेठेंतला ओळखीचा झेंडा आणि पहाटेची हळद हा रंग. तो पगार थकला असतांही राहतो. आम्हीं दोन्हींना एकच शब्द लावला आणि पहिल्याची शिक्षा दुसऱ्याला दिली.

७. शिपाई व शाहीर

डोळ्यांसाठीं जसा रंग, तसें कानांसाठीं गाणें. शाहिरांची लावणी ही केवळ पुण्याच्या चैनीची निपज, असें मानण्याचा प्रघात आहे. परंतु कित्येक लावण्यांचा विषय पाहावा: धनी मोहिमेवर गेला आहे आणि घरधनीण त्याची वाट पाहते. ही तक्रार रचणारा शाहीर पुष्कळदां लष्करी वर्तुळांतलाच असे. सगनभाऊ हा जेजुरीकडचा मुसलमान, जातीनें शिकलगार. हत्यारांना धार लावणें हा त्याचा वंशपरंपरेचा धंदा. ज्या घराण्यानें तलवारी पाजळल्या, त्याच घराण्यांतला माणूस तलवार घेऊन गेलेल्याच्या बायकोचें मन गाऊं लागला. अनंत फंदीनें १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा केला. पण लोकांच्या तोंडीं त्याचा संसारी उपदेशाचा फटकाही तितकाच राहिला.

ही गोष्ट केवळ मराठी शिपायांचीच नव्हे. ब्रॉटननें १८१४ त आणखी एक लहान पुस्तक काढलें. तींत हिंदुस्थानी कवितांचे वेंचे इंग्रजी भाषांतरासह आहेत, आणि ते त्यानें मुख्यत्वें कंपनीच्या पलटणींतील शिपायांच्या तोंडून मिळविले. कवायतीच्या मैदानावर ज्यांना तो हुकूम देई, त्यांना शृंगाराच्या व ऋतूंच्या कविता पाठ होत्या, हें त्याला छावणींतच कळलें. मराठ्यांच्या छावणीवर कडवट पत्रें लिहिणारा हा अधिकारी दुसऱ्याच वर्षीं शिपायांच्या कविता छापतो, यावरून त्याच्याही मनावर त्या वर्षाचा कांहीं रंग चढला असावा, असें अनुमान केल्यास तें अवास्तव होणार नाहीं.

८. उपसंहार

येथें एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. लष्करांतील न लढणारीं माणसें दाणा खात होतीं. त्यांच्यामुळें भाऊसाहेबांच्या हालचाली मंदावल्या. हें आम्ही नाकारीत नाहीं. उपासमारीचा हिशेब करतांना प्रत्येक तोंड मोजावेंच लागतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दाण्याचा हिशेब दाण्याच्या खात्यांत लिहावा. दिवाळी करण्याची इच्छा, फुलाचा रंग, ओळखीची पेठ आणि हळद यांना पराभवाच्या कारणांत घालूं नये. त्यांनीं लढाई हरविली नाहीं. लढाई हरल्यानंतरही जीं माणसें परत आलीं, आणि दहा वर्षांनीं, १७७१ त, ज्यांनीं दिल्लीवर पुन्हां अंमल बसविला, त्यांना इतकीं वर्षें घरापासून दूर तग धरतां आला तो कशावर, याचा शोध घेतांना मात्र या गोष्टी मोजाव्या लागतील.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालीं स्थिरावला. छावणी उठली नाहीं; तिचेंच शहर झालें. त्या शहरास आजही लष्कर म्हणतात. फिरतें गांव एके दिवशीं थांबलें, आणि त्याला नवीन नांव देण्याची कोणास गरज वाटली नाहीं.

शेवटीं वाचकांस एक विनंति. आमच्या माहितीच्या एका जुन्या शिलेदारी घराण्यांत दप्तराची छाननी झाली. सनदा, वतनाचे कागद व सरदारांचीं पत्रें नीट बांधून ठेवलीं गेलीं. वाण्याच्या व किराण्याच्या याद्या निरुपयोगी म्हणून रद्दींत गेल्या. त्या याद्या आम्हांस पाहावयास मिळाल्या नाहींत, याचें दुःख आहे; कारण तेल, तीळ, गूळ, गुलाल व हळद यांच्या नोंदी असतात त्या अशाच कागदांत. ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील, त्यांनीं ते टाकण्यापूर्वीं एकवार उलगडून पाहावे. कार्तिकांतल्या कोणत्या मुक्कामीं पणत्यांसाठीं किती शेर तेल घेतलें, एवढी एक ओळ सांपडली तरी आमच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आम्हीं या लेखांत दिलें त्याहून चांगलें उत्तर मिळेल.